कडेवरचं नाव

जुनं पदक हातात आलं की माणूस आधी त्यावरचा राजा बघतो, मग उलटं करून मागची अक्षरं वाचतो आणि परत देतो. खरी माहिती तिसऱ्याच जागी असते. पदक आडवं धरायचं, उजेडाकडे हळूहळू फिरवायचं आणि त्याची कड वाचायची. इंग्रजी अमदानीतल्या बऱ्याच फौजी आणि पोलिसी पदकांच्या कडेवर मिळवणाऱ्याचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. आपल्या पदकांवरही ते असतं, पण आपल्यापैकी किती जणांनी स्वतःच्या पदकाची कड कधी वाचली आहे? परेडच्या आधी ब्रासो मारण्यापलीकडे आपला तिच्याशी संबंध येत नाही.

बंगळुरूच्या पोस्टिंगमध्ये अशी एक कड वाचायला मिळाली. त्यातून पुढे निघालेल्या गोष्टीला चार-पाच महिने लागले. निवृत्त मित्रांपैकी अनेकांच्या घरी ट्रंकेच्या तळाशी अशी एखादी चकती पडलेली असेल, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आमच्या ओळखीचे एक हवालदार आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं काढली, पेन्शनवर आले आणि मुलाच्या शिक्षणासाठी बंगळुरूतच राहिले. मूळ गाव खानापूर तालुक्यातलं. सध्या एका सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. त्यांच्या घरात एक गोष्ट तीन पिढ्या सांगितली जायची: पणजोबा बंगलोरला पोलिसात होते, कँपात होते, आणि गोऱ्या साहेबानं त्यांना पदक दिलं. हवालदारांना याचा फार अभिमान. कमर्शियल स्ट्रीटच्या पोलीस ठाण्यावरून जाताना ते सोबतच्या माणसाला हमखास सांगत, ‘आमचे पणजोबा इथंच ड्यूटी करायचे.’

मुलाला मात्र ही गोष्ट आवडत नव्हती. तो इंजिनिअरिंगला आहे, वाचणारा आहे. शाळेत असताना त्याला सहलीला विदुराश्वत्थला नेलं होतं. बंगळुरूच्या उत्तरेला गौरीबिदनूर तालुक्यातलं हे गाव. २५ एप्रिल १९३८ ला तिथं काँग्रेसचा झेंडा लावायला जमलेल्या लोकांवर म्हैसूर संस्थानच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा कमी होता, गावाच्या स्मरणात ३२ माणसं आहेत. दक्षिणेतलं जालियनवाला म्हणतात त्याला. हवालदारांनी आपल्या पदकांच्या फ्रेममध्ये पणजोबांचंही पदक बसवायचं ठरवलं, तेव्हा पोरगा म्हणाला, ‘पप्पा, तुमची पदकं देशाची आहेत. हे कशाचं आहे ते आधी कळू दे, मग लावा.’

हवालदार माझ्याकडे आले ते या भांडणाचा निकाल लावायला. मला पोराचं बोलणं रास्त वाटलं. कळल्याशिवाय मिरवू नये आणि कळल्याशिवाय लाजूही नये.

पदक चांदीचं. समोर सहावा जॉर्ज. मागे पानांची माळ आणि तिच्यावर दंडुका. भोवती इंग्रजीत अक्षरं, कलोनियल पोलीस फोर्सेस, आणि पुढे दीर्घ सेवा व सद्वर्तनाबद्दल. म्हणजे शौर्यपदक नव्हतं, हे पहिल्याच मिनिटात ठरलं. आपल्याकडे ९, २० आणि ३० वर्षांच्या नोकरीची पदकं मिळतात, तसलाच हा प्रकार. हे पदक १९३४ मध्ये सुरू झालं. १८ वर्षं स्वच्छ नोकरी झाली की मिळायचं, २५ वर्षांना फितीवर एक पट्टी, ३० ला दुसरी. सुरुवातीला ते खालच्या हुद्द्यांसाठीच होतं.

पण माझी नजर अडली ती कलोनियल या शब्दावर. आपण सगळ्याच इंग्रजी राज्याला वसाहतवादी म्हणतो, म्हणून हा शब्द आपल्याला खटकत नाही. लंडनच्या दफ्तरात मात्र त्याला नेमका अर्थ होता. हिंदुस्थानचा कारभार इंडिया ऑफिसकडे, आणि केनिया, हाँगकाँग, त्रिनिदाद, फिजी, सिंगापूर अशा वसाहतींचा कलोनियल ऑफिसकडे. दोन वेगळी खाती, दोन वेगळे मंत्री. हे पदक दुसऱ्या खात्याचं. हिंदुस्थानातल्या पोलिसाला ते मिळतच नसे. इथल्या पोलिसांसाठी १९०९ पासून किंग्ज पोलीस मेडल होतं आणि १९३२ पासून इंडियन पोलीस मेडल. ही दोन्ही मोजून दिली जात. इंडियन पोलीस मेडलला तर वर्षाला २०० ची मर्यादा होती. एवढ्या मोठ्या मुलखाच्या पोलिसात २०० म्हणजे शिपायाच्या वाट्याला किती येणार?

मोठ्या माणसाचा शोध सोपा असतो. मुंबईत मेट्रो सिनेमाजवळ खानबहादूर कावसजी पेटिगरांचा पुतळा आहे. साध्या कपड्यातला खबऱ्या म्हणून पोलिसात शिरलेला हा पारशी माणूस मुंबईच्या गुन्हे शाखेचा पहिला हिंदी डेप्युटी कमिशनर झाला. त्याची पदकं, किताब, जन्ममृत्यूच्या तारखा सगळं छापील मिळतं. रस्त्यावर काठी घेऊन १८ वर्षं उभा राहिलेला माणूस पुतळ्यात नसतो आणि बहुतेक वेळा गॅझेटातही नसतो.

तर पणजोबा बंगलोरच्या पोलिसात असणं या पदकाशी जुळत नव्हतं. इथं बंगळुरूचा थोडा इतिहास सांगायला हवा, कारण या शहरात एकाच वेळी दोन पोलीस होते. कँटोन्मेंट वसलं १८०९ मध्ये. १८८१ ला इंग्रजांनी म्हैसूरचं राज्य वडियारांना परत दिलं, पण हा लष्करी भाग, सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन, स्वतःकडेच ठेवला. तिथं रेसिडेंटचा अंमल, त्याची कोर्टं, त्याचे पोलीस. पलीकडे जुन्या पेठेत महाराजांचे पोलीस. मध्ये कब्बन पार्क. स्टेशनचा भाग म्हैसूरला परत मिळाला तो थेट जुलै १९४७ मध्ये. बंगळुरूत कुणाचा पूर्वज पोलिसात असेल तर पहिला प्रश्न हाच विचारावा: बागेच्या अलीकडे की पलीकडे? पलीकडचा असेल तर कागद कर्नाटक राज्य अभिलेखागारात शोधायचे. अलीकडचा असेल तर रेसिडेन्सीची दफ्तरं दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, त्यांची सूची अभिलेख पटल या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येते. विदुराश्वत्थचे पोलीस संस्थानचे होते. हवालदार म्हणत होते तसे पणजोबा स्टेशनात असते, तरी त्या गोळीबाराशी त्यांचा संबंध नव्हता. पोराला हे सांगितलं. तो म्हणाला, ‘काका, मग ते कुठल्या गोळीबारात होते?’

आता कड. नंबर होता, हुद्दा होता आणि दोन शब्दांचं नाव होतं. कुठल्या वसाहतीचे पोलीस ते मात्र कोरलेलं नव्हतं. आणखी एक अडचण होती. हवालदार म्हणाले, ‘साहेब, हे आमचं नावच नाही. आडनाव वेगळं आहे.’ त्यांनी आधी कुणाकडून तरी आडनावावरून इंटरनेटवर शोध घेतला होता, त्यात काहीच निघालं नव्हतं. निघणार नव्हतंच. मुंबई इलाख्यात पलटणीत आणि पोलिसात भरती करताना साहेबाचा कारकून पुष्कळदा माणसाचं नाव आणि बापाचं नाव एवढंच लिहून घेई. चापेकरांनी १८९९ मध्ये ज्या पोलिसावर गोळी झाडायचा प्रयत्न केला तो इतिहासात रामा पांडू म्हणून ओळखला जातो. रामा हा पांडूचा मुलगा. आडनाव कुठंच नाही. कोरेगावच्या स्तंभावरची नाक शब्दानं संपणारी नावं पाहिलेल्यांना हे सांगायला नको. मी विचारलं, ‘पणजोबांच्या वडलांचं नाव काय?’ हवालदारांना आठवेना. गावी चुलत्यांना फोन लावला. चुलत्यांनी कुळाची नावं म्हणून दाखवली, श्राद्धाला म्हणतात तशी. कडेवरचा दुसरा शब्द त्यात होता, फक्त इंग्रजी स्पेलिंगनं त्याचा चेहरा बिघडला होता.

म्हणजे पदक घरचंच. पण माणूस कुठला?

राजाच्या चेहऱ्याभोवतीची लॅटिन अक्षरं इथं उपयोगी पडतात. या पदकावर शेवटी ‘इंडिए इम्प’ असं होतं, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. आपण स्वतंत्र झाल्यावर जून १९४८ मध्ये राजानं हा किताब सोडला आणि पुढच्या पदकांवरून ते शब्द गेले. जॉर्ज गादीवर आला डिसेंबर १९३६ ला. म्हणजे पदक साधारण १९३७ ते १९४८ मधलं, आणि १८ वर्षं मागे गेलं की माणूस १९१९ ते १९३० च्या दरम्यान भरती झालेला. एका चकतीवरून एवढं कळतं. मला स्वतःला हे फार गमतीचं वाटतं. आपल्या स्वातंत्र्याची नोंद दूरच्या कुठल्या तरी बेटावरच्या शिपायाच्या छातीवर दोन शब्द कमी होऊन झाली होती.

पुढचं काम कागदांवर आलं. मी हवालदारांना सांगितलं, ट्रंक पूर्ण उपसा. पत्र, पावती, लग्नपत्रिका, काहीही चालेल. गणपतीला ते गावी गेले आणि येताना प्लास्टिकच्या पिशवीत चार कागद घेऊन आले. दोन पोस्टकार्डं, एक पत्र पाकिटासकट आणि एक छापील लग्नपत्रिका.

कार्डं हिंदुस्थान सरकारची, छापील तिकिटाची. त्यामुळे ती देशातूनच आली असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. शिक्क्यातला एकच शब्द धड उठला होता, कँप. बस, त्यावरूनच बंगलोरचा कँप. खानापूरकडच्या माणसाला कँप म्हटलं की बेळगावचा कँप आठवणार, पणजोबा बेळगावात नव्हते हे सगळ्यांना माहीत, मग दुसरा मोठा कँप बंगलोरचा. तर्क वाईट नव्हता. पण मी इथं राहतोय, मला तो पटेना. बंगळुरूचे जुने लोक त्या भागाला कँप म्हणत नाहीत. कन्नडमध्ये तो दंडु. कँटोन्मेंट रेल्वे स्टेशन अजून त्यांच्या तोंडी दंडु स्टेशनच आहे. इंग्रजी बोलणारे नुसतं स्टेशन म्हणत.

कार्डांवरचा मजकूर मोडीत होता. घरात तो कुणालाच वाचता येत नव्हता. त्याचा फोटो बेळगावच्या एका निवृत्त शिक्षकांना पाठवला, त्यांनी दोन दिवसांत देवनागरी करून दिला. कार्डात विशेष असं काही नाही. मनीऑर्डर पोचली का, बैल विकू नये, पाऊस कसा आहे, इकडे पाणी विकत घ्यावं लागतं, आणि रजा मंजूर झाली तर पुढच्या आगबोटीनं येतो.

आगबोटीनं! बंगलोरहून खानापूरला आगबोट कुठली येते? एवढी वर्षं ते कार्ड घरात होतं. मोडी वाचणारा एक माणूस दारावरून गेला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती.

आगबोट, विकतचं पाणी, हिंदुस्थानी कार्ड आणि कँप. हे चारही एकत्र बसतील अशी जागा एकच, एडन. टपाल तिकिटं जमवणाऱ्या एका स्नेह्याला शिक्क्याचा फोटो दाखवला. भिंग लावून त्यानं कँपच्या आधीच्या पुसट अक्षरांची वळणं जुळवली आणि म्हणाला, ‘एडन कँप. हा शिक्का आम्हा लोकांच्या ओळखीचा आहे.’ एडनचा जुना गाव, ज्याला नकाशात क्रेटर म्हणतात, तो विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटात वसलेला आहे. आगबोटी लागत तो भाग वेगळा, स्टीमर पॉइंट. क्रेटरच्या पोस्टाचा शिक्का एडन कँप. ओढे नाहीत, नद्या नाहीत. कधीतरी पडणारा पाऊस साठवायला डोंगरात बांधलेली जुनी टाकी आहेत, तवीलाची टाकी म्हणतात त्यांना. पाणी विकत का, ते यावरून समजेल.

एडन आपल्याला माहीत आहे ते वासुदेव बळवंत फडक्यांमुळे. जन्मठेप देऊन त्यांना तिथं ठेवलं. ते तुरुंगातून निसटले, पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथंच वारले. पण त्यांना तिथंच का नेलं, हा प्रश्न आपण विचारत नाही. कारण एडन मुंबई इलाख्याचाच भाग होतं. १८३९ च्या जानेवारीत कॅप्टन हेन्सनं मुंबईहून नेलेल्या फौजेनं ते घेतलं, आणि पुढे सुमारे ९३ वर्षं त्याचा कारभार मुंबईहून चालला. सातारा, रत्नागिरी, बेळगाव, तसं एडन. रुपया चालायचा, टपाल हिंदुस्थानचं, पलटणी इथल्या, कारकून आणि पोलिसही बरेच इथले. १९३२ ला ते मुंबईकडून काढून दिल्लीच्या हाताखाली दिलं आणि १ एप्रिल १९३७ ला हिंदुस्थानपासून तोडून कलोनियल ऑफिसकडे. त्याच दिवशी एडनची स्वतःची तिकिटं निघाली, शिडाच्या जहाजाचं चित्र असलेली.

आता पदकाचा अर्थ लागतो. ३१ मार्च १९३७ च्या रात्री हा माणूस हिंदुस्थानातला पोलीस म्हणून झोपला आणि सकाळी वसाहतीतला पोलीस म्हणून उठला. बराक तीच, गस्त तीच, गल्ल्या त्याच, काठीही बहुधा तीच. फक्त लंडनमध्ये एक फाइल एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत गेली. ती गेली नसती, किंवा हा माणूस बेळगाव जिल्ह्यात नाहीतर खरोखरच बंगलोरच्या स्टेशनात नोकरीला असता, तर तेवढीच वर्षं, तेवढ्याच स्वच्छ नोकरीनंतर त्याला हे पदक मिळालं नसतं. फाइल सरकली म्हणून त्याचं नाव चांदीवर कोरलं गेलं. आणि आणखी एक. १८ वर्षं १९३७ पासून मोजली असती तर पहिलं पदक १९५५ ला निघालं असतं, आणि जॉर्ज तर १९५२ ला वारला. म्हणजे या माणसाची हिंदुस्थानच्या अमलाखालची नोकरी हिशेबात धरली होती.

पत्रानं उरलेलं काम केलं. त्याच्या पाकिटावरचं तिकीट कुणीतरी फाडून घेतलेलं. जहाजाचं चित्र, घरात लहान मुलं, दुसरं काय होणार. त्यासोबत शिक्काही गेला. पण आत वर तारीख होती, ८ मे १९३८. पाठवणाऱ्याच्या जागी पोलीस लाइन आणि एक नंबर होता. मी फोनवर हवालदारांना म्हटलं, पदक घ्या, चष्मा लावा आणि कडेवरचा नंबर वाचा. ते एकेक आकडा वाचत गेले, मी पत्रावर बोट ठेवत गेलो. शेवटचा आकडा जुळला तेव्हा दोघेही जरा वेळ बोललो नाही.

त्याच पत्रात एक वाक्य आहे की नोकरीला सोळा वर्षं झाली, आता शरीर थकतं. म्हणजे भरती १९२२ ची. १८ वर्षं पुरी झाली १९४० ला, पदक त्यानंतरचं. फितीवर पट्टी नाही, म्हणजे २५ वर्षं झाली नाहीत. लग्नपत्रिका १९४६ च्या उन्हाळ्यातली आहे, हवालदारांच्या आजोबांच्या धाकट्या बहिणीची. त्या लग्नाला पणजोबा आले ते परत गेले नाहीत, एवढं गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना पाठ आहे. २४ वर्षं. हवालदार बोटांवर मोजून म्हणाले, ‘माझ्याएवढीच.’

पोराचा प्रश्न बाकी होता. गोळीबार.

विदुराश्वत्थ तर मिटलं. तिथं गोळ्या झाडल्या गेल्या त्यानंतर तेराव्या दिवशी हा माणूस अरबस्तानाच्या टोकावरून बैलाची चौकशी करत होता. पण पोरगा बुद्धिमान आहे, त्याला आजोळचं प्रशस्तिपत्र नको होतं. मग आम्ही दोघांनी मिळून १९२२ ते १९४६ मधलं एडन चाळलं. त्यात आपल्याशी लागू असा एक दिवस सापडला, सप्टेंबर १९३१ मधला. गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी राजपुताना बोटीवरून एडनला उतरले. तिथल्या हिंदी आणि अरब लोकांनी मानपत्र ठेवलं होतं. सभेत काँग्रेसचा झेंडा लावायला अधिकारी तयार नव्हते. झेंड्याशिवाय मानपत्र घेणार नाही, असं गांधीजींनी सांगितलं, मग परवानगी मिळाली. एडन केवढंसं, तिथले पोलीस किती. त्या दिवशी बंदोबस्ताला पणजोबा असतीलच असं मी धरून चालतो. झेंड्याला हरकत घेणाऱ्या सरकारचा गणवेश अंगावर, आणि समोर ज्याचं नाव खानापूरच्या बाजारातही घेतलं जात होतं तो माणूस. घरच्या गोष्टीत यातलं काहीच आलेलं नाही. पदक आलं, पगार आला, साहेब आला, गांधी नाही आले. याचा अर्थ मी लावणार नाही. ज्याला पोलिसाची नोकरी आणि तिच्यावर चालणारी चूल माहीत आहे त्याला तो लावता येईल.

सद्वर्तन या शब्दाबद्दल मात्र मुलाला मी स्पष्ट सांगितलं. पदकावर सद्वर्तन कोरलंय म्हणजे माणूस सज्जन होता असं नाही आणि दुर्जन होता असंही नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर शीट रोलवर लाल शाईची नोंद नव्हती. सरकारला जे वर्तन हवं होतं ते १८ वर्षं मिळालं, इतकंच. त्या सरकारला काय हवं होतं हे तारखेवार बघावं लागतं आणि प्रत्येक तारखेला हा माणूस कुठं उभा होता हे विचारावं लागतं. पदक टाकून देऊन किंवा भिंतीवर लावून हे काम टळत नाही. मुलगा म्हणाला, ‘मग डिसेंबर सत्तेचाळीस?’ त्यानं वाचून ठेवलं होतं.

संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव केला, त्यानंतर २ ते ४ डिसेंबर १९४७ या तीन दिवसांत एडनमध्ये दंगल झाली. क्रेटरमधल्या ज्यूंच्या वस्तीवर हल्ला झाला, घरं-दुकानं जाळली. सुमारे ८० ज्यू मेले. पोलिसांना आवरेना, म्हणून लेव्हीज नावाची स्थानिक अरब फौज आणली, तर तिच्याच काही जणांनी नको त्यांच्यावर गोळ्या चालवल्याचे आरोप झाले. पुढे सर हॅरी ट्रस्टेड यांची चौकशी बसली. हे सगळं त्याच गल्ल्यांत घडलं ज्यांच्या पोस्टाचा शिक्का आमच्या कार्डावर आहे.

पणजोबांची २५ वर्षं भरत होती १९४७ मध्ये. पट्टीसाठी ते थांबले असते तर कदाचित त्या आठवड्यात क्रेटरमध्येच असते. पोरीच्या लग्नाला आले आणि राहिले.

ज्यांना असा शोध घ्यायचा आहे त्यांच्यासाठी शेवटचं. एडनच्या इंग्रजी कारभाराची दफ्तरं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या संग्रहात आहेत, आर २० या क्रमांकाखाली. मुंबईच्या अमलातले कागद एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य अभिलेखागारात मिळतात. लंडन गॅझेट इंटरनेटवर फुकट आहे, पण दीर्घ सेवेच्या पदकांसाठी त्यावर विसंबू नका, ती त्या त्या वसाहतीच्या गॅझेटात बघावी लागतात. शोधताना आडनाव सोडा, नाव आणि बापाचं नाव घ्या, आणि स्पेलिंग चार प्रकारे करून बघा. नंबर असेल तर तो आधी. मोडी कागद कुणाकडून तरी वाचून घ्याच.

लंडनला मेल मुलानंच लिहिला आहे, १९३१ च्या सप्टेंबरच्या बंदोबस्ताचे कागद आहेत का ते विचारायला. हवालदारांनी फ्रेमवाल्याकडे जाणं तूर्त थांबवलंय. कमर्शियल स्ट्रीटवरून मात्र परवा आम्ही एकत्र गेलो तेव्हा ठाण्यासमोर त्यांनी नुसतीच मान वळवून पाहिलं आणि बैलांचं पुढे काय झालं असेल, असं मला विचारलं.